मशीनला न दिसलेले पाय

नणंदेनं पुण्याहून पाठवलेलं खोकं उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. आत जेवणाच्या डब्याच्या एका कप्प्याएवढा चौकोनी ठोकळा, त्याला पुढून एक काळा डोळा, दोन वायरी, आणि बाकी काही नाही. व्हिडिओ गेम म्हणायचं आणि आत रिमोट नाही. मी हायस्कुलात गणित शिकवते. वस्तू कमी भरली की देणाऱ्याशी भांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिथल्या तिथं नणंदेला फोन लावला आणि सांगितलं, की तुमच्या दुकानदारानं तुम्हाला फसवलंय, मुख्य वस्तू काढून घेऊन नुसतं खोकं पाठवलंय. ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, "वहिनी, रिमोट तूच आहेस. त्याच्यासमोर उभी राहा नुसती."

आमचं घर वडूजजवळच्या एका गावात, रस्त्याला लागून. नवरा फौजेत, त्याची पोस्टिंग लांब उत्तरेला. त्यामुळे घरात आम्ही चौघं: मी, माझी नऊ वर्षांची मुलगी, आणि सासू-सासरे. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. मामाही फौजेतूनच सुभेदार म्हणून रिटायर झालेले. ट्रेनिंग सेंटरला नव्यानं भरती झालेल्या रंगरुटांची ड्रिल घेणारे उस्ताद होते ते. टीव्ही सोप्यात, म्हणजे बाहेरच्या मोठ्या खोलीत, मामांच्या कॉटसमोर. तेव्हा मशीनही तिथंच बसवावं लागलं. मामा डेअरीला दूध घालायला गेले होते, ती वेळ आम्ही साधली.

मुलगी पुढं उभी राहिली आणि मशीननं तिला लगेच ओळखलं. टीव्हीवर एक रंगीत आकृती उगवली. हिनं हात वर केला, तिनंही केला. ही वाकली, ती वाकली. हिनं उडी मारली तर ती ढगापर्यंत जाऊन आली. हातात काही नाही, अंगाला काही बांधलेलं नाही, आणि समोरच्या काचेत आपलं अंग खेळतंय. मी शिकलेली बाई, सेन्सर आणि कॅमेरा या गोष्टी मला कळतात, तरी माझा आ वासलेला तो वासलेलाच राहिला. मुलीला बाजूला करून मी स्वतः पुढं झाले.

टीव्हीवर काहीच आलं नाही. मी हात हलवले. एक आकृती अर्धी उगवली, थरथरली आणि विझली. इंग्रजीत पाटी आली. मुलीनं वाचून सांगितलं, की तुझं पूर्ण शरीर दिसत नाही, मागं सरक. मी मागं सरकले. पुन्हा तीच पाटी. अशी सरकत सरकत मी दाराला टेकले. मशीनच खराब आहे, परत पाठवून देऊ, असं मी मोठ्यानं म्हणाले, तर आतल्या खोलीतून आत्तींचा आवाज आला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मी शाळेतून येऊन साडीतच उभी होते. माझी चूक लक्षात यायला मला पाच मिनिटं लागली, आणि लक्षात आल्यावर जास्तच राग आला. मशीन दोन पाय शोधत होतं. साडीत दोन पाय नसतात, एक घोळ असतो. ज्यानं कुणी हे बनवलं त्याच्या घरात साडी नेसणारं माणूस नसणार, असलं तरी त्यानं तिला कधी खेळताना बघितलेलं नसणार. मी आत गेले, ट्रंकेतून नवऱ्याची पीटीची ट्रॅकपँट काढली, वर माझा जुना कुर्ता घातला आणि परत येऊन उभी राहिले. क्षणात मी टीव्हीवर. डोकं, हात, पाय, सगळं.

मग जे झालं ते सरळच सांगते: मला वेड्यासारखा आनंद झाला. एका खेळात समोरून पाण्याचे बुडबुडे तरंगत येतात, काही हातानं फोडायचे, काही गुडघा वर उचलून. दुसऱ्यात दरीवरचा झुलता पूल होता. जागच्या जागी चालायचं, आणि पाय जितका वर उचलाल तितकी तुमची आकृती पुढं जाते. मी बीएडच्या कॉलेजात लंगडी खेळले होते, त्यानंतर उडी मारल्याचं मला आठवत नाही. नऊ वर्षांच्या पोरीला हरवायचं म्हणून मी जीव तोडून गुडघे उचलत होते. केसातला चिमटा कुठं उडाला ते कळलं नाही. घाम डोळ्यात गेला तरी पुसायला हात थांबेना. लेकीनं मला तीनदा हरवलं आणि चौथ्यांदा मी जिंकले, तेव्हा मी जी आरोळी ठोकली ती शाळेतल्या कुणी ऐकली असती तर दुसऱ्या दिवशी वर्गात जायची सोय राहिली नसती.

आणि त्याच वेळी पायरीवर मामा खाकरले.

हे खाकरणं आमच्याकडे घंटीसारखं आहे. घरातला मोठा पुरुष बाहेरून येताना पायरीवर थांबून घसा खाकरतो. बायकांनी पदर सावरावा, कॉटवर कुणी पडलं असेल तर उठून बसावं, एवढा वेळ देतो, मग आत येतो. कुणी कुणाला काही सांगत नाही. मी ट्रॅकपँटसकट स्वयंपाकघरात पळाले. मामा आत आले, टीव्हीकडे बघितलं, नातीनं सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं, आणि बातम्या लावायला सांगितल्या.

आता आत्तींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्याबद्दलच आहे. महिन्याभरापूर्वी मिरजेला त्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी बदलली होती. दुखणं सात-आठ वर्षांचं, पण त्या तयार होत नव्हत्या. शेवटी औंधला यमाईच्या देवळाच्या पायऱ्या खुर्चीत बसून चढायची वेळ आली आणि चार जणांनी आपल्याला उचलायचं या लाजेनं त्या ऑपरेशनला तयार झाल्या. ऑपरेशन चांगलं झालं. बिघडलं ते घरी आल्यावर. रोज चार वेळा गुडघा वाकवायचा, असं सांगितलं होतं. आत्ती डोळे मिटून, दात खाऊन दोनदा वाकवायच्या आणि झालं म्हणायच्या. दुखतच होतं तसं, मी त्यांना दोष देत नाही. पण महिन्यानंतर तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्याला मोजपट्टी लावून साठ अंश सांगितले. दोन आठवड्यांत नव्वद झाले नाहीत तर भूल देऊन हातानं वाकवावा लागेल, म्हणाले. आत चिकटून धरलेलं सगळं तुटतं तेव्हा. मिरजेहून येताना आत्ती मायणीपर्यंत, घर जवळ येईपर्यंत, खिडकीबाहेर बघत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, की मला परत त्या टेबलावर झोपवू नको.

तेव्हापासून मी शाळेतला फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक घरी आणून ठेवला होता. पहिल्या दिवशी मोजलं तर एकशे वीस आले आणि मी हरखून डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या व्यायाम घेणाऱ्या मुलीला फोन केला. तिनं समजावलं, की त्यांच्यात सरळ पायाला शून्य म्हणतात, आपल्यासारखं एकशे ऐंशी नाही. म्हणजे साठच. वीस वर्षं भूमिती शिकवून मी सासूच्या गुडघ्यात नापास झाले होते.

खोकं आलं ते मिरजेहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. झुलत्या पुलावर घाम गाळताना मला जे सुचायला हवं होतं ते रात्रभर झोपल्यावर सकाळी भाकरी थापताना सुचलं. व्यायामवाल्या मुलीला पुन्हा फोन केला. ती म्हणाली, उड्या अजिबात नकोत, पण खुर्चीच्या पाठीला धरून जागच्या जागी पाय उचलायला काही हरकत नाही, फक्त शेजारी कुणीतरी उभं पाहिजे. मामा बाजारला गेल्यावर मी आत्तींना सोप्यात आणलं, खुर्चीला धरून उभं केलं, आणि मशीन सुरू केलं.

अर्थातच त्या दिसल्या नाहीत. त्या गोल साडी नेसतात, सहावारी. मशीन त्यांच्यावरून नजर फिरवत होतं, जसं काही तिथं कुणी नाहीच. वर त्यानं असा डाव केला, की शेजारच्या दुसऱ्या खुर्चीवर मामांचा शर्ट वाळत घातला होता, त्याला माणूस समजून टीव्हीवर एक आकृती उभी केली. मुलगी हसून हसून खाली बसली. मलाही हसू आलं. आत्ती हसल्या नाहीत. त्यांनी त्या शर्टाकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्येंचा नुसता शर्टबी दिसतोय, आन् मी उभी हाय ती दिसंना व्हय?"

मी म्हटलं, माझी सलवार घाला. जन्मात घातली नाही, आता काय घालू, म्हणाल्या. गाऊननं काम झालं नसतं, तो साडीपेक्षा वाईट. शेवटी मीच म्हटलं, की आत्ती, रानात तण काढायला, भांगलायला जाताना काष्टा घालता की नाही? तुमच्या वयाच्या सगळ्या बायका रानात साडीचा काष्टा मारून, वर नवऱ्याचा जुना शर्ट घालून काम करतात. सगळं शिवार बघतं. मग इथं काय झालं? त्यांनी मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. रानातलं वेगळं, सोप्यातलं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. सोप्यात पुरुषमाणसं बसतात. लग्न होऊन आल्यापासून त्या सोप्यातून गेल्या ते भिंतीच्या कडेनं, काही द्यायला नाहीतर घ्यायला. मधोमध कधी उभ्या राहिल्या नाहीत, तर काष्टा मारून कशा राहतील. मी हट्टाला पेटले. मी त्यांना टेबलाची आठवण करून दिली. ते माझं चुकलं असेल, पण रात्र थोडी सोंगं फार, अशी आमची गत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "ह्ये घरात नसताना. तवाच."

त्या आत गेल्या आणि रानात जायच्या वेशात बाहेर आल्या. काष्टा घट्ट खोचलेला, वर मामांचा तो खुर्चीवरचा शर्ट. मशीनसमोर उभ्या राहिल्या आणि टीव्हीवर आत्ती उगवल्या. दोन पाय, दोन हात, जरा डावीकडे झुकलेल्या. त्यांनी हळूच उजवा हात हलवला. समोरच्या आकृतीनं हात हलवला. आत्तींनी तोंडाला पदर लावायला हात नेला तर शर्टाला पदर नव्हता, आणि समोरची आकृती तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मग आत्ती जे हसल्या, ते मी या घरात आल्यापासून बघितलेलं नव्हतं.

ते चार दिवस मला फार आवडतात. आत्ती बुडबुडे फोडताना शिव्या द्यायच्या, "ये की मुडद्या, कुठं पळतुयास" म्हणत गुडघा उचलायच्या. दुखायचं, चेहरा वाकडा व्हायचा, पण बुडबुडा सुटला याचं दुःख गुडघ्यापेक्षा मोठं असायचं. नात पुढं गेली की यांचा पारा चढायचा. तू लहान आहेस म्हणून तुला मशीन जास्त देतंय, असा त्यांचा आरोप होता. मी कोनमापक लावायची आणि आकडा कॅलेंडरच्या मागं लिहायची. साठ, चौसष्ट, सदुसष्ट, एकाहत्तर. शाळेत मी दहावीच्या वर्गाला आलेख शिकवत होते आणि डोक्यात आत्तींचा आलेख चढत होता. ऑफ तासाला मी इतर मास्तरांना सासूच्या गुडघ्याची प्रगती सांगायची. ते मला टाळायला लागले.

पण मामा रिटायर माणूस. ते घरातून जाणार किती वेळ? सकाळ-संध्याकाळ डेअरी, मधे एखादी चक्कर. आणि आले की खाकरायचे. खाकरल्याचा आवाज आला की आत्तींचा हात वीज लागल्यासारखा मागं जायचा, एका हिसक्यात काष्टा सुटायचा, साडी घोट्यापर्यंत खाली आणि आत्ती धपकन खुर्चीत. टीव्हीवर पाटी यायची, खेळाडू कुठं गेला. असं दिवसातून तीनदा झालं. एकदा त्या गडबडीत त्यांचा तोल गेला आणि मी वेळेवर धरलं म्हणून बरं, नाहीतर नवी वाटी तिथंच फुटली असती. आकडा चौऱ्याहत्तरवर अडकला. एक दिवस चौऱ्याहत्तर, दुसऱ्या दिवशी चौऱ्याहत्तर, तिसऱ्या दिवशी त्र्याहत्तर. मिरजेची तारीख आठवड्यावर आली.

मी नवऱ्याला फोन केला, की तुम्ही तुमच्या वडिलांना सांगा, सकाळ-संध्याकाळ तासभर सोपा मोकळा करून द्या म्हणून. फौजेत ज्याला कुणाची भीती वाटत नाही तो माणूस म्हणाला, "तूच सांग ना." मला इतका राग आला, की त्या रागाच्या भरातच मी कोनमापक उचलला आणि मामांसमोर जाऊन उभी राहिले. सासऱ्यांशी असं समोर उभं राहून मी कधी बोलले नव्हते. मी कॉटवर कोनमापक ठेवला, बोटानं चौऱ्याहत्तर दाखवलं आणि म्हटलं, आत्ती इथं आहेत. मग नव्वद दाखवलं. सात दिवसांत इथं यायला पाहिजे, नाहीतर परत टेबलावर झोपवणार. तुम्ही सोप्यात असलात की त्या खेळत नाहीत. एवढं बोलून मी मान खाली घातली. मामांनी कोनमापक हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, चौऱ्याहत्तर आणि नव्वदच्या मधल्या रेघा नखानं एकेक करून मोजल्या. तो परत कॉटवर ठेवला आणि बातम्या लावल्या. मला वाटलं, मी हद्द ओलांडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवरून आल्यावर मामांनी सोप्यातली आपली खुर्ची उचलली, बाहेर कट्ट्यावर नेली आणि रस्त्याकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून बसले. आणि समोरच्या रस्त्याला सांगावं तसं मोठ्यानं म्हणाले, "मी हितं बसलोय. मागं बघनार न्हाई."

आत्ती पाच मिनिटं आतच उभ्या राहिल्या. मग काष्टा मारून बाहेर आल्या. मी मशीन लावलं. झुलता पूल सुरू झाला. आत्ती दारातल्या त्या पाठीकडे बघत बघत पाय उचलत होत्या. पुलावर त्यांची आकृती रखडत होती. मिनिटभर झालं असेल, आणि कट्ट्यावरून मामांचा आवाज आला, मान न वळवता, "डावा पाय वर येईना झालाय. उजव्याचा आवाज येतोय, डाव्याचा नुसता घासतोय."

मी टीव्हीकडे बघितलं. खरंच, डावा पाय जमिनीपासून वीतभरच उठत होता. मी एवढी जवळ उभी राहून माझ्या ते लक्षात आलं नव्हतं, आणि या माणसानं पाठमोरं बसून कानानं पकडलं. वीस-बावीस वर्षं शेकडो रंगरुटांचे बूट ऐकलेले कान होते ते. मी पुढं काही सांगायच्या आत त्यांनी ताल धरला. ट्रेनिंग सेंटरच्या मैदानावरचा आवाज होता, घरात आम्ही कधी ऐकला नव्हता. "कदमताल. एक दो, एक दो. बायाँ ऊपर. एक दो." आत्तींचा पाय आपोआप त्या तालावर पडायला लागला. आधी चुकत, मग बरोबर. डाव्याला "एक" यायचं तेव्हा मामांचा आवाज चढायचा आणि डावा गुडघा त्या आवाजाच्या मागोमाग वर यायचा. पुलावरची आकृती रखडायची थांबली आणि चालायला लागली. माझी लेक टाळ्या वाजवत नाचत होती. मला तेव्हाच कळलं, की या दोघांना मी एकत्र काही करताना कधी बघितलं नव्हतं. एक आत असायचं, एक बाहेर. आताही तसंच होतं, पण काम एकच चाललं होतं.

पुढचे सहा दिवस सकाळ-संध्याकाळ आमच्या कट्ट्यावर परेड चालली. रस्त्यानं जाणाऱ्याला सोप्यातलं काही दिसायचं नाही. दिसायचा तो एक म्हातारा, रिकाम्या रस्त्याला तोंड करून "एक दो, एक दो" ओरडणारा. गावात कुणीतरी मला हळूच विचारलंही, की सुभेदारांची तब्येत बरी हाय न्हवं? त्यांचा एक जोडीदार सायकल थांबवून विचारायला लागला, की गड्या, कुणाला शिकवतोयस? मामा म्हणाले, "एक नवीन भरती झालीया." आतून आत्तींनी ते ऐकलं आणि त्या हसण्यात त्यांचे तीन बुडबुडे सुटले. त्याबद्दल त्यांनी मामांना आतूनच चार शब्द सुनावले.

सगळं गोडच होतं असं नाही. चौथ्या दिवशी गुडघा सुजला. आत्ती बर्फाची पिशवी लावून भिंतीला टेकून रडल्या, की मला नाही व्हायचं बरं, मला असंच राहू द्या. मी त्यांच्या शेजारी बसले. मला धीर द्यायचा होता, पण मलाही रडू आलं. मामांनी त्या संध्याकाळी ताल धरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती स्वतःच काष्टा मारून आल्या आणि दारातून त्या पाठीला म्हणाल्या, "चालू करा." मिरजेच्या आदल्या संध्याकाळी मी मोजलं. सत्याऐंशी. पुन्हा मोजलं, सत्याऐंशी. लाकडी कोनमापक, माझं नवखं मोजणं, दोन-तीन अंश इकडे-तिकडे धरा, पण नव्वद काही म्हणता येत नव्हतं. मी आत्तींना खोटं सांगितलं, की नव्वदच्या आसपास आहे. त्यांनी ओळखलं.

मिरजेला डॉक्टरांनी त्यांना टेबलावर झोपवलं तेव्हा आत्तींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगड्या रुतल्या. डॉक्टरांनी पाय उचलला, हळूहळू वाकवला, आत्तींचा श्वास अडकला, मोजपट्टी लावली. मी वाकून आकडा बघत होते. डॉक्टरांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. मी झाले नाही. "ब्याण्णव," डॉक्टर म्हणाले. मी त्यांना परत मोजायला लावलं. त्यांनी मोजलं. ब्याण्णव. भूल नको, टेबल नको, काही नको. असं दोन आठवड्यांत काय केलं, असं त्यांनी आत्तींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ड्रिल केली." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांना खरं सांगत बसायला माझ्यात त्राण नव्हतं. बाहेर येऊन मी नवऱ्याला फोन केला आणि हमसून हमसून रडले. तो बिचारा पलीकडून, काय झालं, काय झालं, एवढंच विचारत राहिला.

मला वाटलं, संपलं. गुडघा वाकला, काम झालं. मामांनी खुर्ची कट्ट्यावरून उचलून सोप्यात परत आणली. मुलीनं मशीन आता फक्त माझं म्हणून जाहीर केलं आणि मैत्रिणींना रविवारचं आमंत्रण दिलं. आत्ती आपल्या नेहमीच्या साडीत, हातात काठी घेऊन स्वयंपाकघरात भाकरीला लागल्या. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. एकीकडे हायसं वाटत होतं, आणि दुसरीकडे काहीतरी हातचं गेल्यासारखं. वर्गात फळ्यावर वर्तुळ काढताना मला तो झुलता पूल आठवत होता.

संध्याकाळी मी गाडी लावत होते तेव्हा मामा माझ्या दोन पावलं पुढं घरात शिरत होते. मुलगी अजून शिकवणीला होती, हे मला पक्कं माहीत होतं. तरी आतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. मामा पायरीवर थांबले आणि खाकरले. आवाज थांबला नाही. ते जरा थांबले, पुन्हा खाकरले, मोठ्यानं. आवाज चालूच. मग ते आत गेले आणि मी त्यांच्या मागोमाग.

सोप्याच्या मधोमध आत्ती उभ्या होत्या. काष्टा मारलेला, अंगात मामांचा शर्ट, एक हात खुर्चीच्या पाठीवर. टीव्हीवर त्यांची आकृती गुडघे उचलत होती. मामांनी हे कधी बघितलंच नव्हतं. इतके दिवस त्यांनी नुसतं ऐकलं होतं. ते टीव्हीकडे बघत बघत पुढं गेले आणि नेमके आत्ती आणि मशीनच्या मध्ये जाऊन उभे राहिले. टीव्हीवरच्या आत्ती थरथरल्या, विझल्या, आणि त्यांच्या जागी मामा उगवले. मामांनी आपला हात हलवून बघितला.

मी दारातच थिजले. आता आत्ती काष्टा सोडणार, बसणार, असं मला वाटलं. आत्तींनी खुर्चीवरचा हातसुद्धा हलवला नाही. त्या चिडल्या नव्हत्या, लाजल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात मीठ मागावं तशा आवाजात म्हणाल्या, "आवं, जरा बाजूला व्हा. तुमी मदी आलासा की त्येला मी दिसत न्हाई."

मामांनी वळून त्यांच्याकडे नीट बघितलं. मग ते बाजूला झाले.